थेट टेस्ट ट्यूब की आधी आययूआय? कोकणातल्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मूल राहत नसेल तर पहिल्यांदा कुठल्या तपासण्या करायच्या यावर लिहिलं होतं, त्यावर पत्रं आणि मेसेज इतके आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गातूनच आलेत आणि वाचताना लक्षात आलं की वेगवेगळ्या शब्दांत सगळे एकच विचारतायत, आययूआयसारख्या साध्या उपायांना (धुतलेले शुक्राणू पातळ नळीने गर्भाच्या पिशवीत सोडणं) वेळ द्यायचा की लगेच आयव्हीएफकडे, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या मोठ्या ट्रीटमेंटकडे (अंडी बाहेर काढून लॅबमध्ये गर्भ तयार करणं) वळायचं. माझं मत आधीच सांगते. कमी त्रासाची ट्रीटमेंट आधी करणं बहुतेकांना योग्यच, पण ती कोणाला, किती वेळा आणि कुठे थांबायचं हे सुरू करायच्या आधी ठरलेलं पाहिजे. वाचकांची ओळख कळेल असे तपशील बदललेत.

प्रश्न : माझं वय २९, लग्नाला चार वर्षं झाली. मिस्टर बोटीवर असतात, नऊ महिने बाहेर आणि तीन महिने घरी. शिमग्याला सगळे जमले की विषय निघतोच, शेजारची काकी तर सरळ पोटाकडे बघून विचारते, "काय गो, खबर हा काय?" मुंबईत एका ठिकाणी दाखवलं, त्यांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले चार वर्षं झाली ना, मग आता आयव्हीएफच करा, पॅकेजपण सांगितलं. काय करू? (देवगड तालुका)

ताई, चार वर्षं लग्नाला झाली, एकत्र राहायला नाही झाली. वर्षाला तीन महिने धरले तर चार वर्षांत तुम्ही दोघं जेमतेम बारा महिने बरोबर राहिलात, तेही तुकड्या-तुकड्यांत. वर्षभर नियमित संबंध ठेवून, कुठलंही साधन न वापरता दिवस राहिले नाहीत तर तपासण्या सुरू करायच्या असा जगभरचा नियम आहे, बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहाच महिने थांबायचं. त्या हिशोबाने तुम्ही आत्ता कुठे उंबरठ्यावर आलायत. आणि दर महिन्यात दिवस राहू शकतील असे दिवस असतात साधारण सहा, म्हणजे अंडं फुटतं तो दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. तीन महिन्यांच्या सुट्टीत असे तीनच मोके मिळतात आणि त्यातला एखादा मुंबईच्या फेऱ्यांत किंवा पाहुण्यांत जातो, हे मी तुमच्यासारख्या खूप घरांत बघितलंय.

आत्ता हातात आहे एक सोनोग्राफी, तेवढ्यावर आयव्हीएफ ठरत नाही. त्यांची धातूची, म्हणजे वीर्याची, तपासणी झालेली दिसत नाही, तुमच्या ट्यूब (अंडं गर्भाच्या पिशवीकडे नेणाऱ्या नळ्या) उघड्या आहेत का ते बघितलेलं नाही. मिस्टर यायच्या आधी तुमची थायरॉइडची आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आत्ताच सुरू करा, ४०० मायक्रोग्रॅमची रोज एक. ते आले की पहिल्या आठवड्यातच सीमेन टेस्ट. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात म्हणून इंजिन रूमची उष्णता किंवा बोटीवर आलेला मोठा ताप याचा परिणाम रिपोर्टमध्ये नंतर दिसू शकतो, रिपोर्ट कमी आला तर घाबरून जायचं नाही, सुट्टी संपायच्या आधी परत करायची. मेडिकलमध्ये ओव्ह्युलेशन किट मिळतं, लघवीवर चालतं, त्यात लाइन गडद आली की पुढच्या दीड-एक दिवसात अंडं फुटणार असतं. पण किटच्या भरवशावर एकाच दिवसाची वाट बघत बसू नका, पाळी संपल्यापासून एक दिवसाआड संबंध ठेवले की काम होतं.

आता आययूआयबद्दल. मिस्टर घरी आहेत, काउंट (शुक्राणूंची संख्या) चांगला आहे, दिवस बरोबर साधले जातायत, तर आत्ताच्या घडीला आययूआयने फार काही वाढणार नाही. त्याचा खरा उपयोग ते बाहेर असताना होऊ शकतो. त्यांचं सॅम्पल रजिस्टर्ड सेंटरमध्ये गोठवून ठेवता येतं, दोघांची लेखी संमती लागते, आणि मग तुमच्या अंड्याच्या वेळेला ते वापरून आययूआय करता येतं. गोठवून परत वितळवताना बऱ्याच शुक्राणूंची हालचाल जाते, कधीकधी निम्म्यांची, म्हणून मुळात काउंट चांगला असलेल्यांनाच हा मार्ग परवडतो. ट्यूब दोन्ही बंद निघाल्या किंवा काउंट अगदीच कमी निघाला तर मात्र आयव्हीएफ सांगणारे डॉक्टर बरोबर ठरतील. पण ते तपासून ठरवायचं.

प्रश्न : माझं वय ३२, यांचं ३५. तीन वर्षं प्रयत्न चालू आहेत, दोघांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. एक डॉक्टर म्हणतात सहा वेळा आययूआय करा, दुसरे म्हणतात वेळ घालवू नका आयव्हीएफ करा, माझी नणंद म्हणते काहीच करू नको, तिला असंच सहा वर्षांनी राहिलं. कोणाचं ऐकू? (चिपळूण)

हा सगळ्यात अवघड प्रश्न आणि सगळ्यात जास्त पत्रं याचीच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रिपोर्ट सगळे चांगले आणि तरी दिवस राहत नाहीत याला डॉक्टर अनएक्सप्लेन्ड म्हणतात. यात नणंद, पहिले डॉक्टर आणि दुसरे डॉक्टर तिघांच्या बाजूने अभ्यास आहेत, फक्त ते वेगवेगळ्या जोडप्यांवर झालेत, आणि तिथेच गोंधळ होतो.

नणंदेची बाजू. नेदरलँड्समध्ये २००६ साली २५३ जोडप्यांचा अभ्यास आला, त्यात निम्म्यांना अंडी वाढवणारं इंजेक्शन देऊन आययूआय केलं आणि निम्म्यांना सहा महिने नुसतं थांबायला सांगितलं. आययूआयवाल्यांत २३ टक्क्यांना गर्भ टिकला आणि थांबलेल्यांत २७ टक्क्यांना, म्हणजे फरक काही नाही. पण ही जोडपी अशी निवडलेली होती की ज्यांना आपोआप राहण्याची शक्यता अजून बऱ्यापैकी शिल्लक होती. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २०१३ मध्ये सांगितलं की अशा केसमध्ये सरसकट आययूआय देऊ नका, एकूण दोन वर्षं प्रयत्न करू द्या आणि मग आयव्हीएफचा विचार करा.

मग न्यूझीलंडमधला अभ्यास आला २०१८ ला, २०१ जोडपी, ज्यांची आपोआप राहण्याची शक्यता कमी झाली होती, तुमच्यासारखी. त्यांच्यात अंडी वाढवणाऱ्या क्लोमिफेनच्या गोळ्या आणि तीन वेळा आययूआय केलेल्या ३१ टक्के बायकांना मूल झालं आणि थांबलेल्यांत फक्त ९ टक्के. हा फरक मोठा आहे. म्हणून तीन वर्षं झालेल्या, तिशी ओलांडलेल्या बाईला मी नुसतं थांब असं सांगत नाही. नणंदेला सहा वर्षांनी राहिलं याचा मला मनापासून आनंद आहे पण तिचं वय तेव्हा किती होतं ते विचारा.

आता आयव्हीएफवाल्या डॉक्टरांचं. नेदरलँड्समध्येच ६०२ जोडप्यांची तुलना झाली, २०१५ मध्ये आली, बायका ३८ वर्षांपर्यंतच्या. एका गटाला आयव्हीएफ आणि एकावेळी एकच गर्भ, एका गटाला कमी औषधांचं आयव्हीएफ, आणि एका गटाला औषध देऊन सहा वेळापर्यंत आययूआय. वर्षभरात एकेकटं निरोगी बाळ झालं ते अनुक्रमे ५२, ४३ आणि ४७ टक्के जोडप्यांना. म्हणजे वर्षाच्या शेवटी हिशोब केला तर आययूआयवाल्या बायका फार मागे राहिल्या नाहीत, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींना भूल घेऊन अंडी काढून घ्यावी लागली नाहीत. आययूआयचा खर्च हजारांत असतो आणि आयव्हीएफचा लाखाच्या पुढे, आणि इथून कोल्हापूर किंवा मुंबईच्या फेऱ्या, राहणं, कामाचे खाडे वेगळे, तेही धरायला हवेत.

तुमच्या बाबतीत माझं मत असं. तीन वेळा आययूआय करा, नीट लक्ष ठेवून, तेही शक्यतो लागोपाठच्या महिन्यांत, आणि सुरू करायच्या आधीच डॉक्टरांबरोबर ठरवा की तीन झाले की बसून बोलायचं. तेव्हा पुढे आयव्हीएफ की अजून एक-दोन आययूआय हे वयावरून आणि वॉशनंतर, म्हणजे सॅम्पल लॅबमध्ये धुतल्यावर, किती शुक्राणू हाती आले त्यावरून ठरेल. एकेका सायकलला, म्हणजे एका महिन्याच्या प्रयत्नात, दिवस राहण्याची शक्यता साधारण दहातली एक, कधी थोडी जास्त, हे पहिल्या दिवसापासून दोघांच्या मनात असू दे, नाहीतर पहिल्या पाळीलाच माणूस खचतो. सहा-सात आययूआय न थांबता करत राहणं, दर वेळी "पुढच्या वेळी बघू" म्हणत, हे मला पटत नाही. त्यात वय जातं, पैसे जातात, आणि घरातलं बोलणं बंद होतं.

औषधाबद्दल एक महत्त्वाचं. अमेरिकेत ९०० जोडप्यांवर अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला, त्यात आययूआयबरोबर इंजेक्शनं घेतलेल्या ३२ टक्के जोडप्यांना मूल झालं आणि क्लोमिफेनच्या गोळ्यांवर २३ टक्के. ऐकायला इंजेक्शन बरं वाटतं, पण इंजेक्शनवाल्यांत राहिलेल्या गर्भांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा जुळ्या किंवा तिळ्यांचा होता. तिळी सातव्या महिन्यात जन्मली तर काचेच्या पेटीची सोय कुठे आहे आणि तिथे पोचायला घाट किती आहे, हे कोकणातल्या बाईला मी आधी सांगते. म्हणून आधी गोळ्या, आणि सोनोग्राफीत तीन किंवा जास्त मोठी अंडी दिसली तर त्या महिन्याचं आययूआय रद्द करणारे डॉक्टर चांगले समजा, त्यांच्यावर रागावू नका.

ट्यूबची तपासणी झाली नसेल तर ती पहिल्यांदा करा. पाळी संपल्यावर दोन-तीन दिवसांत औषध आत सोडून एक्स-रे काढतात, दुखतं, तासभर आधी दुखण्याची गोळी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठेवा. नेदरलँड्समध्ये १,११९ बायकांवर केलेल्या अभ्यासात या तपासणीत तेलातलं औषध वापरलं तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत ३९.७ टक्के जणींना दिवस राहिले, पाण्यातलं वापरलं तेव्हा २९.१ टक्के. तपासणीच थोडी ट्रीटमेंट होऊन जाते, म्हणून ती झाल्यावर दोन-तीन महिने घाई न करणंही बरोबर.

प्रश्न : आययूआय झाल्यावर लगेच एसटीने घरी आलं तर चालतं का? रस्ता फार खराब आहे. सासूबाई म्हणतात पंधरा दिवस पलंगावरून उठायचं नाही. (राजापूर)

चालतं, काहीही सांडत नाही. आययूआय म्हणजे नक्की काय होतं ते माहीत असलं की ही भीती जाते. मिस्टरांचं सॅम्पल लॅबमध्ये धुऊन त्यातले चांगले हलणारे शुक्राणू वेगळे काढतात, शेवटी अर्धा मिली गुलाबीसर पाणी उरतं, ते एका पातळ मऊ नळीतून थेट गर्भाच्या पिशवीत सोडतात. पाच मिनिटांचं काम, भूल नाही, पाळीसारखी थोडी कळ येते. शुक्राणू पिशवीत पोचलेले असतात, खड्ड्यांनी ते बाहेर येत नाहीत. नंतर थोडंसं पाणी आल्यासारखं वाटतं ते योनीतलं असतं. दहा-पंधरा मिनिटं पडून राहायला सांगतात तेवढं राहा, नंतर घरी जा, भात लावा, कामावर जा, संबंधही ठेवू शकता. पंधरा दिवस झोपून राहिल्याने फायदा होतो असं कुठेही दिसलेलं नाही, उलट बाईचं मन त्यातच अडकून राहतं. एक गोष्ट मात्र नक्की करा, नळी आत घालायच्या आधी सॅम्पलच्या बाटलीवरचं मिस्टरांचं नाव स्वतः वाचा. कोणी चिडणार नाही, चांगल्या ठिकाणी तर तेच वाचून दाखवतात.

प्रश्न : डॉक्टर बाई, माझ्या सुनेला वर्षभर गोळ्या चालू आहेत, दर महिन्याला अंड्याची सोनोग्राफी, ट्यूबचा एक्स-रे झाला, आता दुर्बीण करायला सांगितलीय. मुलगा मात्र तपासायला तयार नाही, म्हणतो माझ्यात काय कमी आहे. सून काही बोलत नाही पण मला तिचं तोंड बघवत नाही. (गुहागर तालुका)

काकी, सुनेसाठी सासूने पत्र लिहिलं हे वाचूनच बरं वाटलं. सुनेची दुर्बीण थांबवा. मुलाची तपासणी झाल्याशिवाय तिच्या पोटात काहीही घालायचं नाही, हे त्या डॉक्टरांना तुमच्या तोंडून कळलं तरी चालेल. मूल न होण्याच्या केसेसमध्ये जवळजवळ निम्म्यांत पुरुषाचा काहीतरी भाग असतो, एकट्याचा किंवा दोघांचा मिळून. आणि त्याची तपासणी ही सगळ्यात स्वस्त, सुई नाही, दुखणं नाही. वर्षभर बाईला औषधं आणि पुरुषाचा एक रिपोर्टपण नाही, हे कुठल्याच हिशोबात बसत नाही.

मुलाला मर्दानगीची भीती वाटते, ती समजून घ्या, पण त्याला हेही सांगा की काउंट आणि मर्दानगी यांचा संबंध नाही, सगळं व्यवस्थित असणाऱ्या, धडधाकट माणसाचा काउंट शून्य असू शकतो आणि त्याला कळतही नाही. लहानपणी नाही पण वयात आल्यावर गालफुगी झाली होती का, अंडकोषाच्या पिशवीत शिरा फुगल्यात का, जिममध्ये बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतलीत का, हे त्याला डॉक्टरांनी एकट्याला विचारायला हवं. त्या इंजेक्शनांनी शुक्राणू बनणंच बंद पडतं, बंद केली की बहुतेकांचं काही महिन्यांत परत सुरू होतं. तंबाखू, गुटखा बंद करायचा, आणि घरात बायकांची मशेरी असेल तर तीही बंद, सुनेने तर नक्कीच.

तपासणीची रीत सांगते कारण इथे रिपोर्ट चुकायचं मोठं कारण अंतर आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता सॅम्पल द्यायचं, कमी-जास्त दिवस झाले तर रिपोर्ट बिघडतो. ते तासाभरात लॅबमध्ये तपासायला लागलं पाहिजे. गावातून बाटली घेऊन एसटीने चिपळूणला पोचेपर्यंत तास उलटून जातो आणि रिपोर्टमध्ये हालचाल कमी दिसते, मग नसलेल्या आजाराची ट्रीटमेंट सुरू होते. म्हणून लॅबमध्येच द्यायचं, त्यांच्याकडे खोली असते. अगदीच जमत नसेल तर चिपळूणला कोणा नातेवाइकांकडे राहून तिथून, बाटली शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवून, बर्फात नाही, फ्रीजमध्ये नाही. तेल किंवा क्रीम वापरायचं नाही, साधा निरोध वापरायचा नाही, आणि पहिला थोडा भाग सांडला तर लॅबवाल्याला सांगायचं कारण सगळ्यात जास्त शुक्राणू त्याच भागात असतात.

रिपोर्ट वाचताना, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आकड्यांप्रमाणे एका मिलीत १६ दशलक्ष म्हणजे १ कोटी ६० लाख, आणि एकूण हालचाल ४२ टक्के, ही खालची रेघ धरतात. त्याच्या खाली आलं म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, आणि एका रिपोर्टवर काहीही ठरवायचं नाही, परत करायचा. थोडासा कमी असेल तर आययूआय हा बरोबर उपाय आहे, कारण वॉशमध्ये चांगले निवडून पिशवीत सोडले जातात. वॉशनंतर ५० लाख ते १ कोटी हलणारे मिळाले तर ठीक, दहा लाखांच्या खाली असतील तर आययूआय करत बसण्यात अर्थ नाही, तिथे इक्सी, म्हणजे एकेक शुक्राणू सुईने अंड्यात सोडायचं आयव्हीएफ, लागतं. हे सगळं त्याच्या एका रिपोर्टवर अवलंबून आहे काकी, आणि तो रिपोर्ट आईच्या शब्दाने होईल असं मला वाटतं.

प्रश्न : लग्नाला अडीच वर्षं झाली, खरं सांगायचं तर संबंध नीट झालेच नाहीत. बायकोला भयंकर दुखतं, ती आवळून घेते, रडते. घरी सगळे मूल मूल करतात. कुणाला सांगायची लाज वाटते. सरळ आययूआय केलं तर चालेल ना? (दापोली)

तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. हे खूप जोडप्यांत असतं आणि बरं होतं. योनीचे स्नायू आपोआप आवळले जातात, तिच्या हातात नसतं ते, तिचा नकार नाही आणि तुमचा दोषही नाही. आययूआयने मूल होऊ शकतं पण त्यासाठी आत उपकरण घालावं लागतं, आणि जिला स्पर्श सहन होत नाही तिला तेही तेवढंच दुखतं, पुढे बाळंतपणातल्या तपासण्या आहेतच. म्हणून आधी तिचं दुखणं. एखाद्या लेडी डॉक्टरांना दाखवा, आत इन्फेक्शन किंवा एंडोमेट्रिऑसिससारखं (पिशवीच्या अस्तरासारखा भाग पिशवीबाहेर वाढणं) काही नाही ना ते बघून घ्या. मग समुपदेशन, स्नायू सैल सोडायचे व्यायाम, आणि लहान ते मोठ्या आकाराचे डायलेटर (योनीला सवय व्हावी म्हणून आत ठेवायच्या गुळगुळीत कांड्या), तिने स्वतःच्या हाताने, तिच्या वेगाने. आठवडे ते काही महिने लागतात. तेवढे दिवस संबंधाचा प्रयत्नच करायचा नाही असं दोघांनी ठरवलं की निम्मी भीती तिथेच जाते.

आणि मूल थांबवायचं नसेल तर अजून एक साधा मार्ग आहे. स्वच्छ कोरड्या वाटीत सॅम्पल घेऊन, मेडिकलमधल्या नव्या, सुई काढलेल्या सिरिंजने ते योनीत सोडायचं, अंड्याच्या दिवसांत, अर्ध्या तासाच्या आत. दोघांचे रिपोर्ट चांगले असतील तर याने दिवस राहतात. डॉक्टरांकडून एकदा समजून घ्या. फक्त ते योनीतच सोडायचं, नळी वगैरे लावून पिशवीत घालायचा प्रयत्न कधीही करायचा नाही, न धुतलेलं वीर्य पिशवीत गेलं तर जोरात कळा येतात आणि इन्फेक्शन होऊ शकतं.

प्रश्न : वय २६, पीसीओडी आहे, पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते. डॉक्टरांनी लेट्रोझोल दिलं पण मेडिकलवाल्याने सांगितलं ही कॅन्सरची गोळी आहे, मूल होण्यासाठी बंदी आहे. गोळ्या तशाच पडल्यात. आययूआय करावं लागेल का? (मालवण)

गोळ्या घ्या. लेट्रोझोल मुळात स्तनाच्या कॅन्सरसाठी आलेली गोळी आहे हे खरं, आणि आपल्याकडे २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदीही होती, ती २०१७ मध्ये उठली. मेडिकलवाल्याने अर्धी गोष्ट ऐकलेली आहे. पीसीओडीमध्ये तर तीच पहिली गोळी. अमेरिकेत ७५० बायकांवर झालेल्या २०१४ च्या अभ्यासात लेट्रोझोलवर २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफेनवर १९.१ टक्के. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत पाचच दिवस घ्यायची असते आणि गर्भ धरायच्या आधी शरीरातून निघून जाते.

तुमची अडचण अंडं वेळेवर फुटत नाही एवढीच असेल, मिस्टरांचा रिपोर्ट चांगला असेल, तर आययूआयची गरज नाही. गोळी, दोन-तीन सोनोग्राफी, आणि बरोबर दिवसांत घरीच संबंध, एवढ्यावर चार-सहा महिने द्या. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के कमी झालं तरी पाळी सुधारते, ताटातला भात निम्म्यावर आणा, मासे खा पण तळलेले नकोत, कालवणातले. आणि एक, एएमएच (अंड्यांचा साठा किती आहे ते सांगणारी रक्ताची तपासणी) जास्त आला किंवा कमी आला म्हणून घाबरू नका. अमेरिकेत २०१७ मध्ये तिशीच्या पुढच्या बायकांवर अभ्यास झाला, त्यात एएमएच कमी असलेल्यांना आपोआप दिवस राहायला काही वेगळं जड गेलं नाही.

प्रश्न : मी शिक्षिका, वय ३९, उशिरा लग्न झालं. आयव्हीएफची खूप भीती वाटते, त्याऐवजी आययूआयच पाच-सहा वेळा केलं तर? (वेंगुर्ला)

बाई, तुम्हाला मी वेगळं सांगणार. आत्तापर्यंत वर जे लिहिलं ते कमी वयाच्या बायकांसाठी होतं, तुमच्यासाठी वेळ हाच सगळ्यात मोठा खर्च आहे. अमेरिकेत ३८ ते ४२ वयाच्या १५४ बायकांचा अभ्यास झाला, २०१४ मध्ये आला. पहिल्या दोन सायकलमध्ये थेट आयव्हीएफ केलेल्यांपैकी ३१ टक्के जणींना मूल झालं, गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊन आययूआय केलेल्यांत १३ ते १६ टक्के. पाच-सहा आययूआय म्हणजे अर्धं वर्ष, त्यात तुम्ही चाळिशीला टेकाल. ट्यूब उघड्या असतील आणि मनाची तयारी व्हायला वेळ हवा असेल तर एक, फार तर दोन आययूआय करा, पण आयव्हीएफ सेंटरची तारीख आजच घेऊन ठेवा. भीती कशाची ते त्यांना स्पष्ट विचारा. अंडी काढताना हलकी भूल असते, पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्याच दिवशी घरी. पूर्वी पोट फुगून बाई सिरियस व्हायची ते प्रमाण आता नव्या पद्धतींनी खूप कमी झालंय. आणि ट्यूब बंद असतील तर आययूआयचा एकही पैसा घालू नका. आपल्याकडे ट्यूब बंद व्हायचं एक मोठं कारण पोटातला टीबी असतो, तो ताप-खोकल्याशिवायही असू शकतो, त्याची तपासणी करून आधी औषध.

प्रश्न : यांचा काउंट शून्य आलाय. एका ठिकाणी म्हणाले दुसऱ्याचं सॅम्पल यांच्यात मिसळून आययूआय करू, म्हणजे मनाला बरं वाटेल. असं चालतं का? (सावंतवाडी)

अजिबात चालत नाही. २०२१ च्या एआरटी कायद्याने (मूल होण्याच्या अशा ट्रीटमेंटवरचा कायदा) दोन पुरुषांचं वीर्य मिसळायला सरळ मनाई आहे. तिथे परत जाऊ नका.

आधी शून्य का आलं ते शोधा. परत तपासणी, हार्मोन्सची तपासणी, आणि युरॉलॉजिस्टना दाखवणं. काही जणांत शुक्राणू तयार होतात पण वाट बंद असते, तिथे सुईने काढून इक्सीने स्वतःचं मूल होऊ शकतं. तयारच होत नसतील तर डोनरचा विचार, तो दोघांच्या लेखी संमतीने, सॅम्पल फक्त रजिस्टर्ड बँकेतून, डोनर कोण ते तुम्हाला कळत नाही आणि तुम्ही कोण ते त्याला. कायद्याने ते मूल पूर्णपणे तुमचं दोघांचंच. डोनरच्या केसमध्ये तुमच्या ट्यूब चांगल्या असतील तर आययूआयच पुरतं, आयव्हीएफ लागत नाही.

आणि हे सगळ्याच वाचकांसाठी, नुसतं आययूआय करणाऱ्या क्लिनिकलाही त्या कायद्याखाली लेव्हल एकचं रजिस्ट्रेशन लागतं, आयव्हीएफ करणाऱ्यांना लेव्हल दोनचं. पैसे भरायच्या आधी सर्टिफिकेट दाखवा म्हणून सांगा.